मूठभर ज्वारी

मी नेमकं काय काम करतो ते मी मायला कधी धड सांगितलं नाही. एक तर बाहेर बोलायला बंदी. दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर तिनं मला त्याच दिवशी नोकरी सोडायला लावली असती. म्हणून कॉलेजातून निघून नोकरीला लागलो तेव्हा एवढंच सांगितलं होतं की बोटीच्या मशीनवर आहे. बोट पाण्यावर चालते की पाण्याखाली, हे तिनं विचारलं नाही आणि मीही आपण होऊन बोललो नाही.

पण आमच्या गावात काही लपत नाही. तापीकाठचं गाव. केळी, कापूस, ऊस आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय त्याची चौकशी, ही आमची मुख्य पिकं. कुणीतरी टीव्हीवर पाणबुडी बघितली, कुणीतरी माझ्या शहराचं नाव त्याच्याशी जोडलं, आणि सुट्टीत घरी गेलो तर पारावरची पोरं मला 'पानबुडीवाला साहेब' म्हणायला लागलेली. माय चुलीपुढं बसून शांतपणे म्हणाली, "पान्याखाले जास म्हने तू?" मी म्हटलं, "कधीमधी." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती भाकरी त्या दिवशी करपली, एवढंच मला आठवतं.

माझं काम पाणबुडी पुढं ढकलणाऱ्या यंत्राचं. मोटर, तिच्यापासून शेपटीपर्यंत जाणारा लांबलचक दांडा, तो ज्यावर फिरतो ती बेअरिंगं आणि शेवटी पंखा. हे सगळं फिरलं पाहिजे आणि फिरताना त्याचा आवाज येता कामा नये. बोट पाण्याखाली दिसत नाही, ती ऐकू येते. म्हणून आयुष्यभर मी एकच उद्योग केला, कुठं काय कुरकुरतंय ते शोधायचं आणि ते गप्प करायचं. लोकांना वाटतं केवढं थोर काम! खरं तर दिवसचे दिवस एका नटाच्या मागं लागून डोकं फिरवून घ्यायचं काम आहे, आणि माझं डोकं मुळातच लवकर फिरतं.

आमच्यात एक रीत आहे. ज्यानं मशीन बसवलं, त्यानं पहिल्या बुडीला आत बसायचं. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. तू म्हणतोस ना सगळं ठीक आहे? मग चल खाली. मी कित्येकदा गेलो. खाली गेलं की फोन नाही, निरोप नाही. बाहेर आल्यावर मोबाइल चालू करायचा आणि बायकोला सांगायचं, आलो.

गावी आपण होऊन फोन करायचो नाही, मायचा आला की बोलायचो.

एकदा दिवाळीला घरी गेलो होतो. नंदुरबार स्टेशनात उतरलो तो मिरचीचा सीझन, रिक्षात बसेपर्यंत चार-सहा शिंका झाल्याच. गावात पोचलो आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ब्लेड घ्यायला गेलो. दुकानदार माझ्या शाळेतला. ब्लेडचं पाकीट देता देता सहज म्हणाला, "साहेब, मांगला महिनामा पानीमा व्हतात ना तुम्ही?"

मागल्या महिन्यात मी खरोखरच पाण्यात होतो. आणि ही गोष्ट माझ्या बायकोलाही मी 'आलो' या एका शब्दापलीकडं सांगितलेली नव्हती.

"कुणी सांगितलं तुला?" मी एकदम साहेबी मराठीत शिरलो.

"त्यामा काय सांगानं शे? माय रोज नारय ली जाये ना."

मग उलगडा झाला. माय रोज दिवेलागणीला मला फोन लावते. दिवसा माझा फोन बंद असतो हे तिला ठाऊक होतं, ऑफिसच्या दारातच तो ठेवून घेतात. पण दिवेलागणीलाही बंद, दुसऱ्या दिवशीही बंद, म्हणजे पोरगा पाण्यात. मग ती दुकानातून नारळ घ्यायची, हळदकुंकू घ्यायची आणि तापीला वाहायला जायची. माझा फोन लागेपर्यंत रोज. दुकानदार बिचारा नारळ मोजायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, साहेबाची बोट बुडाली. म्हणजे बुडी मारली. पारावर त्याची चर्चा व्हायची. इकडं आम्ही बोटीचा एवढासा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जीव काढतोय, आणि तिकडं माझी माय डोक्यावर पदर घेऊन अख्ख्या गावाला खबर देतेय!

मी तडक घरी आलो आणि तिच्यावर उखडलो. काय वाट्टेल ते बोललो. देशाची सुरक्षा वगैरे शब्द वापरले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाफिसनं नको बोलू मन्हासंगे. नीट बोल."

"माय, नदीवर कसाले जास तू?"

"तापी समिंदरलेच जास ना?"

"जास."

"मंग. तू बी समिंदरमाच."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की आपल्या देशाला दोन बाजूंना समुद्र आहे, तापी एकाच समुद्राला मिळते, आणि मी कुठल्या बाजूला असतो ते मला सांगता येत नाही. "समिंदरमा काय भिंत घालीसन वाटा करेल शेतस का?" म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. दुकानदाराला मात्र मी दम भरला, आणि त्यानंतर माय नारळ शेजारच्या गावाहून मागवायला लागली. म्हणजे आता दोन गावांना कळायला लागलं.

हे असंच चाललं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण बॅरेजचा बंधारा झाल्यापासून आमच्याकडं तापीचं पाणी वरपर्यंत तुंबून असतं. काठ उभा, काळ्या मातीचा, आणि पावसाळा सरला की त्याच्यावर गाळाचा थर बसतो. माय त्या काठावरून एका हातात नारळ घेऊन उतरायची. एका खेपेला ती घसरली. मनगट मोडलं, कमरेला मार बसला. केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या एका बाईनं बघितलं म्हणून, नाहीतर नदीनं तिला नेलंच असतं. आणि त्या वेळी मी कुठं होतो? खाली. वर आल्यावर फोन चालू केला तर धाकट्या भावाच्या बायकोचे मेसेजवर मेसेज.

मिळेल त्या गाडीनं आलो. माय खाटेवर पडलेली, हाताला प्लास्टर. तिचा तो हात, ज्यानं तिनं शेतातला कापूस वेचून मला शिकवलं, तो असा पांढरा लाकडासारखा पडलेला. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "माय, आता नदीवर जायचं नाही. माझी शपथ आहे."

"तू जावानं बंद कर," ती म्हणाली, "मी बी बंद करस."

झाला सौदा. बोलणं तेवढंच. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी खाटेशी बसून राहिलो आणि मला स्वच्छ दिसलं की मी खाली जात राहिलो तर ही बाई एक दिवस त्या नदीत जाणार. हिला शपथ अडवणार नाही, प्लास्टर अडवणार नाही.

त्या सुमारास ऑफिसात एक खुर्ची रिकामी होत होती. प्रोपल्शन, म्हणजे आमच्याच यंत्रांच्या विभागाच्या प्रमुखाची. मला आधी दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्हीदा हात जोडले होते. त्या खुर्चीत बसलं की दिवसभर मिटिंगा, चहा, पुन्हा मिटिंगा. मशीनला हात लावायचा नाही. पण प्रमुख खाली जात नाही, हीसुद्धा रीतच. खाली काही झालं तर वर उत्तर द्यायला कुणीतरी लागतं ना. प्रमुखानं सगळ्यांचं ऐकायचं, मग 'हो' म्हणायचं, आणि त्याच्या 'हो'वर बोट बुडी मारते.

गावाहून परतलो आणि साहेबांकडं जाऊन सांगितलं, मी तयार आहे. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी याला खुर्चीची हाव सुटली. एक-दोघांनी तोंडावर टोमणाही मारला. मी मनात म्हटलं, मारा लेको. माझ्या बढतीमागं माझ्या मायचं मनगट आहे, हे तुम्हाला काय माहीत.

मायला फोनवर सांगितलं, आता मी खाली जाणार नाही. धाकट्याची बायको नंतर म्हणाली, "दादा, त्या दिवशी मायनी शिरा कया. मोडेल हातवर."

मग दोनेक वर्षं सुखात गेली म्हणायची. फोन रोज लागायचा. "जेवना का?" "जेवनू." "पानी पडनं का?" "नही." एवढंच बोलणं व्हायचं. माय नदीकडं फिरकली नाही. दुकानदारानं मला सांगितलं की शेजारच्या गावात नारळाचा खप पडला.

माझ्या जागी खाली जायला एकजण तयार झाला होता. बिकानेरकडचा, माझ्यापेक्षा बराच तरुण, तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतका अबोल. मी त्याच्यावर ओरडायचो तेव्हाही तो 'जी सर' म्हणून खाली बघायचा आणि काम मात्र चोख करायचा. नवी बोट तयार झाली. चाचण्यांच्या बैठकीत मी एकेकाला विचारलं, दांडा? ठीक. बेअरिंग? ठीक. मोटर? ठीक. मग मी 'हो' म्हटलं. तो आणि त्याची टोळी डबे-पिशव्या घेऊन बोटीत उतरली आणि वरचं झाकण बंद झालं.

मी धक्क्यावर उभा होतो. इतकी वर्षं त्या झाकणाच्या आतल्या बाजूला होतो, तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आत कामच इतकं असतं. बाहेर उभं राहिल्यावर हात कुठं ठेवावेत ते कळेना. रात्री घरी आलो, ताट पुढं आलं, मी दोन घास खाऊन उठलो. तेवढ्यात मायचा फोन.

"जेवना का?"

"जेवनू म्हटलं ना!" मी वसकन ओरडलो. खरं तर मी आधी काहीच म्हटलेलं नव्हतं.

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याच्या बायकोचा फोन. "दादा, माय नदीवर निंघनी. कोनंच ऐकत नही. तुम्ही सांगा." मी म्हटलं, दे तिला फोन. मायनं फोन घेतला आणि मी सुरूच झालो. सौदा काय ठरला होता? मी पाळतोय की नाही? रोज फोन उचलतोय की नाही? मी इथं घरात, खुर्चीत बसून तुझ्याशी बोलतोय, धडधाकट! मग नदीवर कशाला चाललीस? पुन्हा हात मोडून घ्यायचाय?

माझा दम संपेपर्यंत ती थांबली.

"तू जमिनवर शेस, ते माले समजस," माय म्हणाली. "पन पान्यामा कोन शे?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"ज्यास्ले तू धाडस, त्या बी कोना तरी पोरे शेतस ना?"

तिला कसं कळलं? मी तिला काही सांगितलं नव्हतं, एक अक्षर नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, तुझ्या आवाजावरून. मी बोटीचे आवाज बंद करण्यात जन्म घालवला, आणि माझाच आवाज तीनशे कोसांवर ऐकू जात होता.

"कितला शेतस त्या?" तिनं विचारलं.

"माय, ते नाही सांगता येत." हे मात्र खरंच सांगता येत नाही. बोटीत माणसं किती, हे आम्ही कुणालाही सांगत नाही.

"नको सांगू. नारय कितला लऊ ते समजत नही, म्हनीसन इचारं. मूठभर ज्वारी टाकस मंग, एकेक पोऱ्याना एकेक दाना. मुठमा जितला मावतीन तितला." मग तिला काहीतरी सुचलं. "त्यास्ना गावले नदी शे का?"

"मला काय माहीत!"

"इचारत जाय," म्हणाली आणि फोन धाकट्याच्या बायकोच्या हातात देऊन चालू लागली. मी फक्त एवढं सांगू शकलो की तिचा दंड धर आणि बरोबर जा.

बोट सुखरूप वर आली. बिकानेरवाला झाकणातून बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगाला तेलाचा वास. नेहमीसारखा तो अहवाल सांगायला लागला. मी त्याला थांबवलं आणि विचारलं, तुझ्या गावाला नदी आहे का? तो घाबरला. त्याला वाटलं, याच्यात काहीतरी मशीनचा सवाल लपलाय.

"नदी कहाँ, सर. कुंड है. बारिश का पानी भरते हैं."

"घर पे माँ को मालूम होता है, तू नीचे है?"

"नहीं सर. बोलता हूँ, ट्रेनिंग है. फोन बंद रहेगा." आणि तो पहिल्यांदाच माझ्यासमोर हसला. "मान लेती है."

मला त्याचं हसू बघवेना. मानत नसेल रे बाबा, मी मनात म्हटलं. मी पाठ फिरवली आणि कुणावर तरी विनाकारण ओरडलो.

पुढच्या सुट्टीत मी गावी गेलो ते ठरवून. ही बाई थांबणार नाही, एवढं मला कळलं होतं. आणि आता तिनं थांबावं असं मला वाटतही नव्हतं. गवंडी बोलावला, काठाला रुंद पायऱ्या घातल्या, दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपचं रेलिंग बसवलं. वेल्डिंग करणाऱ्याच्या डोक्याशी बसून मी त्याला इतकं छळलं की तो म्हणाला, "साहेब, हाई पानबुडी नही शे." मी म्हटलं, "पाणबुडीपेक्षा महत्त्वाचं आहे, गप वेल्डिंग कर."

माय रेलिंग धरून उतरून बघून आली. वर आल्यावर पायरीवर बसली आणि मला शेजारी बसवलं.

"त्या पोरेस्ना गावले नदी शे का, इचारं का?"

"एकाच्या गावाला नाही. त्याच्या आईला तो खाली असतो हेच माहीत नाही."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मोडून जुळलेला, थोडा वाकडा राहिलेला हात.

"तू बी जाय त्यास्नासंगे," माय म्हणाली. "पोरेस्ले एकलं धाडू नको."

"आणि सौदा?"

"मोडना सौदा. मीच मोडा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला धडधाकट घरात बसवण्यासाठी जिनं हात मोडून घेतला होता, तीच मला जा म्हणत होती. मी रेलिंग हलवून बघितलं. घट्ट होतं.

ऑफिसात भांडावं लागलं. प्रमुखानं खाली जायचं नसतं, तुमचं वय काय, वर उत्तर कोण देणार. मी म्हटलं, 'हो' मी म्हणायचं आणि खाली दुसऱ्यांनी बसायचं, हे मला जमणार नाही. हवं तर खुर्ची घ्या. खुर्ची कुणी घेतली नाही. पुढच्या बोटीच्या पहिल्या बुडीला मी बिकानेरवाल्याच्या शेजारी, मोटरपाशी, पाय आखडून बसलो. यंत्राचा आवाज ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प राहायला सांगतात, ती वेळ आली. कुणी खोकेना. त्या शांततेत मला तापीची पायरी आठवली आणि मायच्या हातातला नारळही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आज आपला नारळ आहे.

वर आल्यावर या वेळी बायकोच्या आधी गावी फोन लावला. धाकट्याच्या बायकोनं उचलला. सगळं ठीक, माय रोज पायऱ्यांवरून उतरली, रेलिंग धरून.

"नारळ मिळाले ना?" मी विचारलं.

"नारय नही लयना, दादा. नुसती ज्वारी टाके."

मला, साठीला टेकलेल्या माणसाला, खरंच वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या पोरांना ज्वारी ठीक आहे, पण पोटच्या पोराला एक नारळ नाही? मी म्हटलं, मायला दे. आणि लहानपणी करायचो तशी तक्रार केली, मन्हा नारय कोठे गया?

माय हसली. कितीतरी वर्षांनी मी तिला असं हसताना ऐकलं.

"येडा," म्हणाली, "तू बी मुठमाच व्हता ना त्यास्नासंगे."